पट्टा काढला, हार राहिला

अन्याय झाला तो एका कुत्रीवर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, पहिली पाळी सुटून बसेस निघून गेल्या होत्या आणि दुसऱ्या पाळीची माणसं मशिनवर लागली होती. रस्त्यावर बघायला कोणी नसतं, नेमक्या त्या वेळी चाकणजवळच्या निघोजेतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनच्या मागच्या गेटवर तिला गाडीतून उतरवलं आणि सोडून दिलं. सोडणारा तिचा मालकच. चऱ्होलीच्या एका मोठ्या सोसायटीत राहणारा, चाकणच्या कारखान्यात क्वालिटीचा साहेब, दुसऱ्याच दिवशी बायकोसह जर्मनीला निघालेला.

पत्रकं लिहायला मी कंत्राटी कामगारांच्या गेट मीटिंगमध्ये शिकले. तिथला पहिला धडा असा की कोणावर, कधी, कुठं ते आधी सांगायचं, रडगाणं नंतर. म्हणून आधी सांगून टाकलं. आता नंतरचं.

मला कळलं ते आईमुळे. माझी आई त्याच कॅन्टीनमध्ये भांड्यावर आहे. आम्ही मूळचे धाराशिवकडचे, आईची बोली थेरगावात इतकी वर्षं राहूनही बदललेली नाही.

"अगं ये की लवकर. तुझी ती तपकिरी पोरगी आलीय हितं."

"कुठली पोरगी?"

"कुत्री गं! कान मोडलेली. तूच दिली होतीस की त्या साहेबाला. गळ्यात झेंडूचा हार घालून बसलीय गेटावर, नवरीवानी. पत्रकात छापलं होतंस ना, दत्तक घ्या म्हणून? घेतलं बघ दत्तक."

ती कुत्री मीच दिली होती, हे खरं. चार वर्षांपूर्वी डांगे चौकाजवळ आम्ही, म्हणजे भटक्या जनावरांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटाने, दत्तक शिबिर भरवलं होतं. एका खोक्यात पिल्लं, एका टेबलावर पत्रकं. साहेब आणि त्यांच्या बाई मंडईतून भाजी घेऊन चालले होते, थांबले, आणि डावा कान दुमडलेलं हे पिल्लू बाईंनी उचललं ते खाली ठेवलंच नाही. साहेबांनी लगेच फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. देशी कुत्रं दत्तक घेतलं म्हणून इतके अंगठे आले की ते मला फोन पुढं करून दाखवत होते. मी खूश झाले. त्यात चुकीचं काही नव्हतं. पिल्लाला घर मिळालं होतं.

चार वर्षं तिचं बरं चाललं होतं. सोफ्यावर झोपायची, लिफ्टमधून खाली यायची, वॉचमनकडून बिस्कीट घ्यायची. मग साहेबांना कंपनीने जर्मनीची बदली दिली.

होळीच्या आसपास त्यांनी मला घरी बोलावलं. बाईंनी चहा केला. प्रश्न एकच होता, हिला बरोबर न्यायचं तर काय काय लागतं? मी सगळं माहीत करून गेले होते, कारण आमच्याकडे हल्ली महिन्याला एक तरी असा फोन येतो. कोणी कॅनडा, कोणी दुबई, कोणी जर्मनी. मी सांगितलं ते इतकं सोपं आहे की इथंही सांगते. आधी मानेच्या कातडीखाली चिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात एक नंबर असतो, तो नंबर म्हणजे त्या जनावराची ओळख. ओळख झाल्यावर रेबीजची लस. लसीनंतर महिनाभराने रक्त घेऊन युरोपने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, लस अंगात लागली की नाही ते बघायला. रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. मग निघायच्या तोंडावर सरकारी डॉक्टरचा दाखला. हा क्रम मोडायचा नाही. चिपच्या आधी घेतलेली लस ते धरतच नाहीत. कारण लस घेतलेलं कुत्रं हेच, हे कशावरून?

"आजच चिप लावा," मी म्हटलं. "दसऱ्यापर्यंत आरामात होतं."

साहेब हसले. एखाद्या ट्रेनीने मीटिंगमध्ये तोंड उघडलं की हसतात ना, तसं.

"हे बघ, तू लहान आहेस. आम्ही जर्मन लोकांना ऑडिट देतो. डॉक्युमेंटेशन मला शिकवू नकोस."

आणि त्यांनी मला एक किस्सा ऐकवला. एका सप्लायरने पार्ट आधी तपासले आणि टॅग नंतर चिकटवले. साहेबांनी अख्खा ट्रक गेटवरून परत पाठवला. सप्लायर हात जोडत होता, साहेब, पार्ट तेच आहेत हो. साहेब म्हणाले, "टॅग नव्हता तेव्हा तू काय तपासलंस ते मला काय माहीत?" बाईंनी तो किस्सा बऱ्याचदा ऐकलेला असावा. त्या खिडकीकडे बघत कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

मी एक वर्ष चाकणला ट्रेनी म्हणून तपासणीच्या टेबलावर काढलंय. तिथल्या पोरांना हे पहिल्या आठवड्यात कळतं, नाहीतर शिव्या खातात. म्हणून मला वाटलं, या माणसाला जास्त सांगायला नको.

पाडवा झाल्यावर सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पाळीव प्राण्यांचं लसीकरण शिबिर होतं. फुकट. साहेबांनी तिथं लस टोचून घेतली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. चिप लावली मे महिन्यात, एका रविवारी वेळ मिळाला तेव्हा. मग रक्त पाठवलं, ते उत्तम आलं. सगळे कागद त्यांनी एका फायलीत लावले, रंगीत पट्ट्या चिकटवून. एजंट नेमला नाही. एजंटला काय कळतं?

आणि पेटी करून घेतली. पेटीचं सांगायलाच हवं. विमानात कुत्रं न्यायला ठराविक पद्धतीची पेटी लागते. तिला आत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, चारी बाजूंनी हवा पाहिजे. साहेबांनी ती कंपनीच्या पॅकिंगवाल्याकडून बनवून घेतली, भोसरीत, जो इंजिनाचे भाग परदेशी पाठवायला लाकडी खोकी करतो. माप घेतलं कुत्री बसलेली असताना. झाकणाला खिळे, एका बाजूला चार भोकं, आणि बाहेरून काळ्या शाईने दोन बाण, ही बाजू वर. मी बघितली तेव्हा कुत्री पेटीपासून लांब, स्वयंपाकघराच्या दारात बसली होती.

"एक्स्पोर्ट क्वालिटी," साहेब पेटीवर थाप मारून म्हणाले.

गणपती उठल्यावर फाईल सरकारी डॉक्टरांपुढे गेली. डॉक्टरांनी लसीची तारीख बघितली, चिपची तारीख बघितली आणि फाईल परत केली. लस पुन्हा द्या, महिन्याने पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. म्हणजे दसऱ्याला नाही, पार फेब्रुवारी.

त्या संध्याकाळी साहेबांनी मला फोन केला, जणू नियम मी केला होता.

"माझं कुत्रं मी ओळखत नाही का? कुत्रं तेच आहे हे सांगायला मला चिप लागते? मी सांगतोय ना, हेच आहे!"

मला त्या सप्लायरची आठवण झाली. पण कुत्रीचं काम व्हायचं होतं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही पुढं जा. मी तिला थेरगावला ठेवते. लस, रक्त, सगळं आम्ही करतो. फेब्रुवारीत एजंटबरोबर पाठवू. अशी पाठवतात, मी दोन पाठवल्यात."

"बघू," ते म्हणाले.

मला या 'बघू'ची चीड आहे. गेटवर पगाराचं विचारलं की बघू, नळाला पाणी नाही म्हटलं की बघू. नाही म्हणायची लाज वाटते आणि हो म्हणायची दानत नसते, त्यांचा हा शब्द. नंतर मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यांचा मेसेज आला, 'सोय झाली आहे. चाकणच्या पुढे मित्राचं फार्महाऊस आहे. मोठी जागा. ती तिथं एन्जॉय करेल.'

फार्महाऊस! या भागात इतकी कुत्री फार्महाऊसवर गेली आहेत की ती सगळी खरंच गेली असती तर मावळात माणसाला पाय ठेवायला जागा उरली नसती. मी पत्ता मागितला. उत्तर आलं नाही.

आईचा फोन आल्यावर मी स्कूटरने निघोजेत पोचले, तेव्हा ती खरंच गेटच्या खांबाला टेकून बसली होती. खंडेनवमीला कंपनीत मशिनला, दसऱ्याला घरात गाडीला हार घालतात, त्यात हिलाही घातला असणार. झेंडू, मधे मधे पांढरी शेवंती. पट्टा मात्र नव्हता. पट्ट्याला एक पितळी बिल्ला होता आणि त्यावर त्यांचा फोन नंबर. तो आठवणीने काढलेला. साहेब कागदात चुकले, पुरावा नष्ट करण्यात नाही.

गेटवरचे वॉचमन निघोजेतलेच, म्हातारे.

"व्हय, पांढरी गाडी व्हती," ते म्हणाले. "मागचं दार उघडलं अन् बिस्कीट लांब फेकलं. ही बिस्कीटाकडं पळाली, गाडी सुटली. ही गाडीमागं पळाली पार वळनापर्यंत. मग आली परत अन् बसली. बिस्कीट न्हाई खाल्लं बरं का तिनं. तिथंच पडलंय."

"नंबर बघितला?"

"न्हाई बघितला. बघून काय करू ताई? आठवड्याला एक येतंय. ही कंपनी हाय का पांजरपोळ?"

सोसायट्यांमधल्या लोकांची एक ठाम समजूत आहे. कंपनीच्या कॅन्टीनवर कुत्री मजेत राहतात, हजार माणसांचं उरलेलं खातात. चऱ्होली, मोशी, सगळीकडून इथं आणून सोडतात आणि परत जाताना हात जोडतात म्हणे, जणू देवाला सोडलं. कॅन्टीनचं उरलेलं डबे भरून ठेकेदार डुकरांसाठी नेतो, हे त्यातल्या एकालाही माहीत नसतं. गेटवर आधीच एक टोळी असते, ती नवीन कुत्र्याला टिकू देत नाही. टोळीतून वाचलं तर रस्त्यावर कंटेनर आहेतच. सोफ्यावर झोपलेलं कुत्रं कंटेनरला घाबरतसुद्धा नाही, त्याला माहीतच नसतो तो प्रकार.

आईने तोवर तिला भाताची थाळी ठेवली होती आणि टोळीला हाकलायला हातात झारा घेऊन उभी होती. "आता काय करायचं?" तिने विचारलं.

"आज त्यांचा निरोप समारंभ आहे," मी म्हटलं. बाईंनीच मला आमंत्रण पाठवलं होतं, आठवडाभर आधी.

"मग जा की हिला घेऊन. हार तर घातलेलाच हाय."

आई बरोबरच आली. झारा मात्र कॅन्टीनमध्ये ठेवायला लावला. स्कूटर गेटवरच ठेवली. टेम्पोवाला ओळखीचा होता, त्याने तिघींना चऱ्होलीत सोडलं. दिवेलागण झाली होती. क्लबहाऊसमध्ये फुगे, केकवर साखरेचं विमान, आणि सोसायटीचे अध्यक्ष भाषण करत होते. आपल्या सोसायटीचं नाव सातासमुद्रापार वगैरे. लोक पावभाजीच्या प्लेटा धरून उभे. दारात वॉचमन कुत्रीला बघून इतका खूश झाला की त्याने आम्हाला अडवलंच नाही. "अरे, आली का परत! साहेब म्हणाले शेतावर पाठवली."

आम्ही आत गेलो. अध्यक्ष थांबले. आई मोठ्याने म्हणाली, "चालू द्या, चालू द्या. आमी कुत्री द्यायला आलोय."

साहेबांनी आधी कुत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग लोकांकडे. आणि म्हणाले, "ही आमची नाही."

मी विचारलं, "काय म्हणालात?"

"आमची फार्महाऊसवर आहे. अशा ब्राउन कुत्र्या चऱ्होलीत गल्लोगल्ली सापडतील. कोणतीही उचलून आणशील आणि आमची म्हणशील."

गणपतीनंतर फोनवर ओरडणारा हाच माणूस होता. तेव्हा कुत्रं तेच आहे हे सांगायला चिपची गरज नव्हती, आता ती समोर उभी असताना तेच नव्हतं. सरकारी डॉक्टरला पडलेली शंका त्याने स्वतः खरी करून दाखवली. चिप वाचायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. लागलंही नाही. माझ्या हातातली दोरी सैल होती. कुत्री हळूहळू चालत गेली आणि साहेबांच्या नव्या बुटावर हनुवटी टेकवून पडली. शेपटी फरशीवर एकदा आपटली, पुन्हा एकदा आपटली. रागावली नव्हती. कुत्र्यांची हीच गोष्ट मला सहन होत नाही.

साहेबांना पाय मागे घेता येईना.

मागच्या खुर्चीत बसलेले एक आजोबा पाव मोडता मोडता म्हणाले, "तुमची नाही म्हणता, पण तिला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही."

कोणीतरी हसलं. मग बाई पुढं आल्या. खाली बसल्या, हाराला हात लावला, एक शेवंती बोटात धरली.

"हा मी ओवलाय," त्या म्हणाल्या. "झेंडू कमी पडले म्हणून शेवंती घातली." आणि मान वर करून, "अहो, तुम्ही फार्महाऊस म्हणालात."

"वर चल. वर बोलू."

"बिस्कीट टाकून पळवली," आई म्हणाली. "वर कशाला? हितंच बोला."

मी तीच गोष्ट पुन्हा मांडली, आता सगळ्यांसमोर. मी सांभाळते, चिप आहेच, लस परत देते, रक्त पाठवते, फेब्रुवारीत तुम्ही मागवून घ्या. एवढं फक्त हो म्हणा. सगळी सोसायटी ऐकत होती, म्हणजे प्लेट हातात धरून, तोंड हलवत. एकानेही म्हटलं नाही, साहेब, हो म्हणा. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा त्यांचा खाजगी मामला आहे आणि केक कापायचा राहिलाय. चार वर्षं त्याच कुत्रीच्या फोटोंवर अंगठे देत होते तेव्हा तो मामला खाजगी नव्हता.

"बघू," साहेब म्हणाले. "तिकडं सेटल झालो की बघू."

बाई वर गेल्या आणि पट्टा घेऊन आल्या. हार काढला, पट्टा बांधला, बकल नीट लागलं का ते दोन बोटं घालून बघितलं. हे करताना रडत होत्या. दुसऱ्या दिवशी दोघं विमानात बसले. बाईंना काय करता आलं असतं, हा प्रश्न मला लोक विचारतात. थांबता आलं असतं. चार महिने. नोकरी त्यांची नव्हती, बदली त्यांची नव्हती. त्या रडल्या, हे मी लिहून ठेवते, आणि गेल्या, हेही.

पेटीचं राहिलं. ती वाया गेली नाही. वॉचमनने नंतर सांगितलं, सामानवाले आले तेव्हा तिच्यात कुकर, मिक्सर आणि देव्हारा भरून पाठवला. भोकं टेपने बंद केली. कुत्रीच्या पेटीतून कुकर जर्मनीत पोचला, त्याला चिप लागली नाही, लस लागली नाही.

ती तेव्हापासून आमच्याकडे आहे, थेरगावात, दोन खोल्यांत. आम्ही लस दिली, या वेळी क्रमाने. रक्त पाठवलं, उत्तम आलं. तीन महिने थांबलो. फेब्रुवारीत मी साहेबांना कळवलं की सगळं झालं, सरकारी डॉक्टरांनी फाईल बघितली, आता खोट काढायला जागा नाही, तुम्ही फक्त पाठवा म्हणा. उत्तरात आलं, इथं अपार्टमेंट लहान आहे, लिफ्ट नाही, लाइफस्टाइल वेगळी आहे, ती तिथंच आनंदी असेल. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचा नवा फोटो लावला. बर्फ, मफलर, आणि शेजारी शेजाऱ्याचं कुत्रं. त्याला थोपटताना साहेब हसत होते. खाली सोसायटीतले अंगठे.

म्हणजे नियम अडवत होते, हे खोटं. नियमांनी तिच्यासाठी चार महिने मागितले होते, जन्माचं 'नाही' साहेबांनी सांगितलं. मला जर्मन सरकारचं काडीचंही कौतुक नाही, पण त्या नियमात एक गोष्ट बरी आहे. ते विचारतात, हे जनावर नक्की कोणाचं? चऱ्होलीत हा प्रश्न कोणी विचारत नाही.

ती अजून आमच्या इथं कोणत्याही इमारतीत लिफ्टचं दार दिसलं की त्यापुढे बसते. आई म्हणते, "चल गं, आपल्याला जिनाच हाय." ती उठते, पण मागं बघत बघत. गळ्यात तोच पट्टा आहे, त्याच बिल्ल्याचा. त्यावरचा नंबर आता लागत नाही. बिल्ला मी बदललेला नाही, बदलणारही नाही. कुठल्या माणसाची ती होती, ते तिच्या गळ्यात राहू दे.

आता तुमच्याकडे मागणी. तुमच्या सोसायटीत, कंपनीत, नात्यात कोणीतरी परदेशी निघालंय. निरोपाचं बोलावणं येईल. त्या घरात कुत्रं होतं, मांजर होतं, तुम्ही त्याचे फोटो बघितलेत. क्लबहाऊसमध्ये पाऊल टाकलंत की प्लेट हातात घेऊ नका. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, कुत्रं कुठं आहे? फार्महाऊस म्हणाले तर गावाचं नाव विचारा, ज्याचं फार्महाऊस त्याला तिथंच फोन लावायला सांगा, आणि फोनवर कुत्रं भुंकल्याशिवाय जेवू नका.